दातांचा डिंक आणि अठरा दिवसांची परीक्षा

"दात हा विषय इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात कशाला?" असं संपादक मंडळातल्या एकानं मला तोंडावर विचारलं. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, ज्या वस्तूवर रोज शेकडो वेळा लोड येतो, जी आयुष्यभर ओली असते, जिला सकाळी उकळता चहा आणि दुपारी बर्फाचं पाणी लागतं आणि तरीही जिनं वर्षानुवर्षं टिकावं अशी आपली अपेक्षा असते, ती वस्तू मेकॅनिकलवाल्यांची नाही तर मग कोणाची? दात किडला की तो डॉक्टरांचा. पण त्या दाताला चिकटवलेलं मटेरियल का सुटतं, हा प्रश्न शंभर टक्के आपला आहे. त्या प्रश्नावर माझं एक मत आहे, आणि ते दातांपुरतं नाही. आपल्या लॅबपर्यंत येतं.

आधी थोडी ओळख करून घेऊ. हल्ली दाताला पांढरं सिमेंट भरतात, तुटलेला पुढचा दात जोडतात, दात सरळ करायला ब्रॅकेट चिकटवतात. या सगळ्याच्या मुळाशी एकच युक्ती आहे, बॉन्डिंग. तिची सुरुवात मोठी मजेशीर आहे. धातूच्या पत्र्यावर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक आम्लाचा हात फिरवतात, हे मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याला माहीत होतं. हेच दातावर केलं तर? १९५५ मध्ये त्यानं ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल अर्धा मिनिट दाताच्या इनॅमलवर लावून दाखवलं, आणि अ‍ॅक्रिलिकचा थेंब तिथं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काळ चिकटून राहिला. म्हणजे बघा, आधुनिक दंतवैद्यकाची ही एवढी मोठी कल्पना पेंट शॉपमधून आलेली आहे! पुढे १९६२ मध्ये राफेल बोवेन यानं बिस-जीएमए नावाच्या रेझिनचं पेटंट घेतलं. त्यात काचेची बारीक पूड मिसळली की झालं कंपोझिट. आज आपल्या दातांत जे पांढरं सिमेंट बसतं, ते त्याच घराण्यातलं.

इनॅमलवर आम्ल लावलं की सूक्ष्म खड्डे पडतात, पातळ रेझिन त्यांत शिरतं आणि कडक होऊन अडकून बसतं. प्लास्टर धरावं म्हणून भिंतीला टाचे मारतात ना, तसंच. आतल्या डेंटिनचं काम मात्र अवघड. तिथं पाणी आहे, कोलॅजनचे तंतू आहेत, बारीक नळ्या आहेत. रेझिन या तंतूंच्या जाळीत मुरतं आणि दात व रेझिन यांचा एक मिश्र थर तयार होतो. नाकाबायाशी या जपानी संशोधकानं १९८२ मध्ये तो दाखवून दिला. या थराची जाडी काही मायक्रॉन. सगळी मदार त्याच्यावर.

आता आपला विषय. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी पाठ केलंय की आरसीसी चालतं, कारण लोखंड आणि काँक्रीट यांचं उष्णतेनं होणारं प्रसरण जवळपास सारखं असतं. दोघंही बरोबर फुगतात, बरोबर आकसतात, म्हणून त्यांचा संसार टिकतो. दात आणि कंपोझिट यांची पत्रिका मात्र जुळत नाही. एक अंश सेल्सिअसला दाताचा मुकुट दर दशलक्ष भागांत साधारण ११ भाग वाढतो. कंपोझिट प्रकारानुसार २० ते ६० भाग. चांदीचं म्हणतात ते अमाल्गम साधारण २५, सोन्याचे मिश्रधातू १४-१५ आणि जुन्या काळी वापरत ते साधं अ‍ॅक्रिलिक ८० च्या वर. दाताच्या सगळ्यात जवळ जातं ते ग्लास आयोनोमर सिमेंट. ते दाताच्या कॅल्शियमशी रासायनिक नातंही जोडतं, पण ताकदीला कमी पडतं. सगळे गुण एकाच स्थळात कुठे मिळतात?

चला, कॅल्क्युलेटर काढा. भरलेला भाग ५ मिलिमीटर रुंद धरू, तापमानातला फरक ५० अंश आणि कंपोझिटचा गुणांक ३५. दात पावणेतीन मायक्रॉन वाढेल, कंपोझिट पावणेनऊ. फरक ६ मायक्रॉन. हे काही केसाएवढंसुद्धा नाही, असं वाटेल. पण तोंडातले जीवाणू एक मायक्रॉनच्या आसपासचे असतात. त्यांच्या हिशेबानं ही फट म्हणजे सताड उघडा दरवाजा.

अर्थात बॉन्ड शाबूत असेल तर फट पडत नाही, त्याऐवजी ताण साठतो. ३५ अंशांच्या तोंडात ५ अंशांचं पाणी आलं, म्हणजे ३० अंशांचा फरक. कंपोझिटचा इलॅस्टिक मॉड्युलस १० गिगापास्कल धरून एका दिशेचा सरळसोट हिशेब केला, तर येतो सुमारे ७ मेगापास्कल. थंडीनं कंपोझिट दातापेक्षा जास्त आकसतं, म्हणून हा ताण भिंतीपासून ओढून काढणारा. चांगल्या बॉन्डची ताकद २० ते ३० मेगापास्कल असते, त्यामुळे एका घोटानं काही सुटत नाही. पण आपल्याला फटिग शिकवलंय. तार एकदा वाकवून तुटत नाही, वीसदा वाकवून तुटते. त्यात भर म्हणजे कंपोझिट कडक होतानाच दोन-तीन टक्के आकसतं, म्हणजे जोड जन्माला येतो तोच ताण अंगावर घेऊन. त्यावर रोज चहा, रोज गार पाणी. थेंबे थेंबे तळे साचे, तसा हा ताण साचत नसला तरी त्यानं पडणारी तडे-भेग साचते.

ही गोष्ट डोळ्यांनी दिसू शकते. १९५२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या नेल्सन, वोलकॉट आणि पॅफेनबार्जर या तिघांनी भरलेले दात थंड केले आणि मग गरम होऊ दिले. सिमेंटच्या कडेनं द्रवाचे बारीक थेंब बाहेर येताना दिसले. थंड झालं की फट पाणी आत ओढते, गरम झालं की बाहेर फेकते. छोटासा पंपच म्हणा ना! फक्त या पंपातून पाण्याबरोबर साखर, आम्ल आणि जीवाणूसुद्धा जा-ये करतात.

इथं कोणी हुशार विचारेल, अमाल्गमचा गुणांकही दाताच्या दुप्पट आहे, मग आपल्या आजोबांच्या दाढेतली चांदी तीस-तीस वर्षं कशी टिकली? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की अमाल्गम हळूहळू गंजतं आणि तो गंजच कडेच्या फटीत बसून ती बुजवतो. एरवी आपला शत्रू असलेलं गंजणं इथं सीलिंगचं काम करतं. कंपोझिटला ही सोय नाही. आणि अमाल्गमचे दिवस भरत आले आहेत. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला आणि युरोपीय संघानं तर १ जानेवारी २०२५ पासून दातांतला अमाल्गमचा वापर, काही अपवाद सोडून, बंदच केला. म्हणजे यापुढचा सगळा भार चिकटवण्यावर.

तापमानाचा दुसरा मार सरळ दिसत नाही, तो रसायनाचा. रेझिन पाणी शोषतं. पाण्यानं त्यातले एस्टर बंध तुटतात, काही भाग विरघळून जातो. डेंटिनमध्ये स्वतःचीच काही एन्झाइम असतात, ती उघडं राहिलेलं कोलॅजन कुरतडतात. आणि गरम पाण्यात प्रक्रिया जलद होते, हे केमिस्ट्रीच्या सरांनी सांगितलेलं अजून विसरलेलो नाही. म्हणजे गरम-थंडाच्या फेऱ्यांत दोन गोष्टी एकदम चालतात, यांत्रिक ओढाताण आणि पाण्यानं केलेली झीज. एकीनं पाडलेल्या भेगेतून दुसरी आत शिरते. घाईच्या जमान्यात आलेली काही "एकाच बाटलीत सगळं" पद्धतीची अ‍ॅडहेसिव्ह जास्त पाणी ओढणारी निघाली आणि म्हणून कमी टिकली. जुनी तीन पायऱ्यांची किचकट पद्धत टिकाऊपणात अजून मापदंड मानली जाते. शॉर्टकटचा हिशेब शेवटी कोणीतरी चुकवतोच.

आता या सगळ्याची परीक्षा कशी घेतात ते बघा, कारण माझा खरा मुद्दा इथं आहे. आयएसओच्या ११४०५ क्रमांकाच्या मार्गदर्शकात तीन प्रकार आहेत. पहिला, नमुना ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवून तोडायचा. दुसरा, ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून ५०० गोते द्यायचे, दर वेळी किमान २० सेकंद, आणि मग तोडायचा. तिसरा, सहा महिने पाण्यात ठेवून तोडायचा. आता तुम्हीच सांगा, ज्याला लवकर पेपर छापायचा आहे किंवा माल बाजारात आणायचा आहे, तो कोणता निवडेल? अर्थात पहिला. फार तर दुसरा.

आणि दुसऱ्याचा तरी अर्थ काय? १९९९ मध्ये गेल आणि डार्व्हेल यांनी तोवरच्या अशा प्रयोगांचा आढावा घेतला. प्रत्येकाचं तापमान वेगळं, फेऱ्या वेगळ्या, वेळ वेगळा. "आम्ही थर्मोसायकलिंग केलं" या वाक्याला एक अर्थच उरला नव्हता. त्यांनी एक अंदाज मांडला, की दिवसाला २० ते ५० फेऱ्या धरल्या तर वर्षाच्या सुमारे १०,००० होतात. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, हे त्यांनीही सांगितलं. पण तो खरा धरला तर ५०० फेऱ्या म्हणजे किती? ५०० गुणिले ३६५ भागिले १०,०००. उत्तर, १८ दिवस. अठरा दिवस! ज्या दाताला आपण दहा वर्षं जपणार, त्याच्या डिंकाची परीक्षा अठरा दिवसांची. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनीही २००५ च्या आढाव्यात हेच म्हटलं, की दीर्घकाळच्या टिकाऊपणाची नक्कल म्हणून ५०० फेऱ्या फारच तोकड्या आहेत.

न्यायाची गोष्ट म्हणून उलट बाजूही सांगतो. ही परीक्षा एका अर्थी कडकही आहे. डेंटिनमधून उष्णता फार सावकाश जाते. २ मिलिमीटर आत पोचायला ढोबळ मानानं २० सेकंद लागतात. चहाचा घोट तोंडात काही इतका वेळ धरत नाही कोणी. म्हणूनच गेल आणि डार्व्हेल यांनी सुचवलेली फेरी वेगळीच होती: ३५ अंशांना २८ सेकंद, १५ अंशांना २, पुन्हा ३५ ला २८ आणि मग ४५ ला २ सेकंद. तोंडाची खरी चाल अशी असते. दुसरीकडे, तोंडातल्या तापमानाची टोकं ० ते ६७ अंशांपर्यंत जाऊ शकतात, असं १९९२ चं एक मोजमाप आहे. म्हणजे ५ आणि ५५ हे आकडे ना सरासरी, ना टोक.

आमच्या दंतवैद्य मित्रमंडळींचा आक्षेपही मला माहीत आहे. "तुम्ही इंजिनिअर लोक पाण्याच्या टाक्यांत रमता. प्रत्यक्षात कंपोझिट निकामी होतं ते बाजूनं पुन्हा कीड लागल्यानं आणि मोडल्यानं. काम करणाऱ्याचा हात आणि रुग्णाची सवय यांना जास्त महत्त्व." यात तथ्य आहे. मागच्या दातांतली कंपोझिट वर्षाला साधारण एक ते तीन टक्के या दरानं निकामी होतात, असं मोठे आढावे सांगतात. म्हणजे प्रकरण काही हाताबाहेर गेलेलं नाही. पण बाजूची कीड आकाशातून पडत नाही आणि मोडण्याला भेग लागते. तापमान हा एकटा गुन्हेगार नाही, पण तो त्या टोळीत आहे, इतकंच माझं म्हणणं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या विंगमधल्या एकाचा पुढचा दात क्रिकेट खेळताना अर्धा तुटला. बॉन्डिंग करून घेतलं, घरून मागवलेले पैसे त्यात गेले. काही महिन्यांत तुकडा निघून हातात आला. त्याला ऐकायला मिळालं ते एकच, "गरमवर गार पीत असशील." झालं, दोष पोराचा! अरे, मेसचा चहा वाफाळता असतो आणि मे महिन्यात माणूस थंड पाणी पितोच. तोंडात गरम-थंड येणार हे मटेरियलचं ठरलेलं सर्व्हिस कंडिशन आहे. पूल पडल्यावर "त्यावरून ट्रक का नेला?" असं विचारता येत नाही. बर्फ दातांनी फोडू नये, पेनाचं टोपण चावू नये, हे बरोबर. पण माणसानं माणसासारखं खाऊपिऊ नये, हे डिझाइन झालं नाही, हात झटकणं झालं.

आणि तापमानाचा हिशेब तोंडाच्या आधी सुरू होतो, हे तर कोणी बोलतच नाही. बॉन्डच्या बऱ्याच बाटल्यांवर २ ते २५ अंशांत ठेवा असं लिहिलेलं असतं. त्यांत अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल असतं, ते उडून जातं. आम्लधर्मी एकबाटली प्रकारात तर घटक बाटलीतच पाण्यानं तुटत राहतात, म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवायची. आता चंद्रपूर-नागपूरचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा ४५ च्या वर, पार्सलची गाडी उन्हात उभी. उलट, फ्रिजमधून काढून तशीच गार बाटली वापरली तर रेझिन दाट राहतं आणि खड्ड्यांत नीट मुरत नाही. मटेरियलची तपासणी वातानुकूलित लॅबमध्ये २३ अंशांना आणि वापर आपल्या उन्हाळ्यात, ही दरी कोण भरणार? रुग्णानं डॉक्टरांना "बाटलीवरची तारीख काय आणि ती ठेवता कुठे?" असं विचारणं हा उद्धटपणा नाही. दूध घेताना विचारतोच की आपण.

आता घरचा आहेर. आपल्याकडे लॅबमध्ये काय चालतं? नमुना घ्या, यूटीएमवर लावा, ओढा, तुटला की आकडा जर्नलमध्ये, सही, सबमिशन. पी हळद आणि हो गोरी. तो आकडा पहिल्या दिवसाचा असतो. अ‍ॅराल्डाइटनं जोडलेल्या पट्टीवरचे प्रोजेक्ट दरवर्षी होतात. सहा महिने पावसात ठेवून पुन्हा तोडलेली पट्टी मी एकाही रिपोर्टमध्ये पाहिली नाही. "स्ट्रेंथ" आणि "टिकाऊपणा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्हायवात आपण सांगतो आणि प्रॅक्टिकलला विसरतो. एक आकडा म्हणजे ताकद. टिकाऊपणा म्हणजे वक्ररेषा: पहिला दिवस, हजार फेऱ्या, दहा हजार फेऱ्या. रेषा किती उतरते, ते सांगा. उंच सुरू होऊन धाडकन कोसळणाऱ्यापेक्षा मध्यम सुरू होऊन सपाट चालणारं मटेरियल मी केव्हाही पसंत करीन.

म्हणून तक्रारीबरोबर एक प्रस्तावही देतो. थर्मोसायकलिंगचं यंत्र आपल्या वर्कशॉपमध्ये होण्यासारखं आहे. दोन टाक्या, एक हीटर आणि थर्मोस्टॅटची, एक थंड पाण्याची. वर एक हात, त्याला मोटर, खाली नमुन्यांची जाळी. एक साधा मायक्रोकंट्रोलर आणि वीज गेली तरी आकडा लक्षात ठेवणारा काउंटर. एका फेरीला एक मिनिट धरलं तर दहा हजार फेऱ्या सात दिवसांत होतात. तोंडाचं एक वर्ष, आपल्या लॅबचा एक आठवडा! मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन, तिघांनाही काम. काढलेले दात लागतील, ते एखाद्या दंत महाविद्यालयाबरोबर रीतसर परवानगीनं आणि निर्जंतुक करून. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. सिव्हिलचं ४०० किलोन्यूटनचं यूटीएम इथं चालणार नाही. ३ मिलिमीटर व्यासाचा जोड २० मेगापास्कलला तुटतो, म्हणजे जेमतेम १४० न्यूटन, चौदा किलोंचं ओझं. तोफेनं चिलट मारायला जाऊ नका. छोटा लोड सेल घ्या.

स्टाफला एक विनंती आहे. अशा प्रोजेक्टला "नवीन काय केलं?" हा प्रश्न विचारून मार्क कापू नका. "किती दिवस तपासलं?" हा प्रश्न विचारा. आणि मित्रांनो, नोकरीला लागाल तेव्हा कुठल्याही मटेरियलच्या पत्रकावर ताकदीचा मोठा आकडा दिसला, तर त्याच्या शेजारी तीन गोष्टी शोधा: किती फेऱ्यांनंतर, कोणत्या तापमानांत, ओलं की कोरडं. त्या नसतील तर तो आकडा पहिल्या दिवसाचा आहे असं समजा. बाकी चहा गरमच प्या.

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल